क्रिकेटपटूंची पैसेवारी : वेगवेगळ्या काळांतले खेळाडू कसे मोजावेत?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोन प्रकारचे फोन आले. काही जण म्हणाले, इतिहासाच्या व्याख्यानमालेत क्रिकेट कशाला? आणि काही जण म्हणाले, ते जाऊ द्या, शेवटी एकदाचं सांगून टाका, मोठा कोण?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काळ बदलला की माप बदलतं, आणि बदललेल्या मापानं जुन्या माणसाला कसं मोजायचं हा इतिहासाचाच प्रश्न आहे. शिवकाळातला एक होन आज किती रुपयांचा, हे विचारणं आणि १९३२ च्या चाळीस धावा आज किती धावांच्या, हे विचारणं यात फार फरक नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र व्याख्यान संपेपर्यंत थांबून घ्यावं लागेल.

हा वाद आपल्या यवतमाळात नवा नाही. पोस्टल ग्राउंडवर मॅच संपली की बाजूच्या टपरीवर तो रंगतोच. एखादा पोरगा म्हणतो, "तुमच्या काळात बॉलिंग तरी होती का काका?" आणि काका म्हणतात, "हेल्मेट काढून खेळा म्हणा एक दिवस, मंग समजन." चहा संपतो, वाद संपत नाही. कारण दोघंही आपापल्या काळाची काठी घेऊन दुसऱ्याचं शेत मोजतात.

शेताचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात पैसेवारी हा शब्द माहीत नाही असं घर नसेल. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत. कल्पना साधी आहे. अमुक गावात यंदा एकरी किती कापूस झाला, एवढ्या एका आकड्यावरून काही कळत नाही. त्या भागात प्रमाण मानलेलं पीक किती, त्याच्या तुलनेत यंदा किती, हे बघायचं. पन्नास पैशांच्या खाली आलं तर वर्ष वाईट. आणि ही पैसेवारी एकदाच ठरत नाही. आधी नजर अंदाज, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. सप्टेंबरात हिरवंगार दिसणारं शेत डिसेंबरात काय देईल याचा भरवसा नसतो, हे सरकारलाही मान्य आहे.

आज आपण क्रिकेटपटूंची पैसेवारी काढणार आहोत. म्हणजे आकडा बघायचा, पण तो त्या वर्षीच्या, त्या शिवाराच्या तुलनेत.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे काळ किती बदलतो याचा अंदाज येईल. ७ जून १९७५. पहिला विश्वचषक, लॉर्ड्सचं मैदान. इंग्लंडनं ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या. उत्तरादाखल आपल्या सलामीच्या फलंदाजानं पूर्ण ६० षटकं खेळून नाबाद ३६ धावा केल्या, १७४ चेंडूंत. भारत ३ बाद १३२. लोक चिडले आणि ते स्वाभाविकच होतं.

आता दुसरी तारीख. ३१ ऑक्टोबर १९८७, आपलं नागपूर, व्हीसीएचं जुनं मैदान, न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाचा सामना. त्या दिवशी चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. आणि मग एका सलामीच्या फलंदाजानं ८५ चेंडूंत शतक ठोकलं. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक. यवतमाळहून दीडशे किलोमीटरवर हे घडत होतं आणि आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो होतो.

दोन्ही वेळचा फलंदाज एकच, सुनील गावसकर. वय पंचविशीचं असताना १७४ चेंडूंत ३६, आणि अडतिसाव्या वर्षी ८५ चेंडूंत शतक. म्हातारपणी माणूस अचानक तरुण झाला का? नाही. मधल्या बारा वर्षांत एकदिवसीय सामना म्हणजे काय, हेच बदललं होतं. १९७५ ला तो खेळ कसा खेळायचा हे आपल्याकडे कुणाला पुरतं उमगलं नव्हतं. एकाच माणसाची स्वतःशी तुलना करताना जर इतकी गडबड होते, तर दोन वेगळ्या काळांतल्या दोन माणसांची करताना किती सावध राहायला हवं!

आता आपल्या भागाकडे येऊ.

३१ ऑक्टोबर ही तारीख विदर्भासाठी आणखी एका कारणानं महत्त्वाची आहे. १८९५ साली याच तारखेला नागपुरात कोट्टारी कनकय्या नायडू जन्मले. आपले सी.के. त्या वेळी नागपूर मध्य प्रांतात होतं आणि आपण वऱ्हाडात. आपला जिल्हा तर तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ चं. पुढे रणजी स्पर्धा सुरू झाल्यावर 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या नावाचा संघ त्यात उतरायचा. आपल्या वऱ्हाडाचं नाव क्रिकेटच्या धावफलकावर आलं ते असं.

सी.के. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. २५ जून १९३२, लॉर्ड्स. आता एखाद्या आजच्या पोराला त्यांची कसोटीतली आकडेवारी दाखवा. सामने ७, धावा ३५०, सरासरी बरोबर २५. शतक नाही. सर्वोच्च ८१. पोरगा म्हणेल, यात मोठं काय? आणि नुसत्या आकड्यावरून पाहिलं तर त्याचं काही चुकलं नाही.

पण जरा पैसेवारी काढू. पहिली गोष्ट, सात सामने. सी.के. सातच खेळले, कारण १९३२ ते १९३६ या काळात भारत एकूण सातच कसोट्या खेळला. एक १९३२ ला, तीन १९३३-३४ ला, तीन १९३६ ला. त्यांनी एकही चुकवली नाही. दुसरी गोष्ट, वय. पहिली कसोटी खेळले तेव्हा त्यांना सदतिसावं वर्ष चालू होतं. सचिन तेंडुलकरनं छत्तीस वर्षं पूर्ण केली तेव्हा तो दीडशेहून जास्त कसोट्या खेळून झाला होता. म्हणजे सी.के.च्या बाबतीत आपण मोजतो आहोत ते हंगाम संपताना उरलेलं फरदडीचं पीक. भर हंगामातला कापूस कसोटीच्या वहीत आलाच नाही, कारण तेव्हा ती वहीच उघडलेली नव्हती. तिसरी गोष्ट, शेजारची शेतं. त्या सात कसोट्यांत सगळ्या भारतीयांची मिळून शतकं किती? तीन. लाला अमरनाथ यांचं १९३३ चं ११८, आणि १९३६ ला मँचेस्टरमध्ये मुश्ताक अली आणि विजय मर्चंट यांची. लॉर्ड्सच्या त्या पहिल्या डावात भारताच्या १८९ झाल्या, त्यात सर्वांत जास्त ४० सी.के.च्या. आणि त्याच १९३२ च्या दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या १,६१८ धावा आणि ६५ बळी. 'विस्डेन'नं पुढच्या वर्षी पाच मानकऱ्यांत त्यांची निवड केली.

पण सी.के.चं खरं वर्ष १९२६. आर्थर गिलिगन यांचा एमसीसीचा संघ मुंबईत आला होता. जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाविरुद्ध सामना. एमसीसीच्या गाय अर्ल यांनी १३० धावा केल्या, त्यात ८ षटकार. प्रेक्षक थक्क झाले. मग १ डिसेंबरला सी.के. उतरले आणि दोन तासांच्या आत १५३ धावा, ११ षटकार. इथे तुलना करायला काळाची अडचणच नाही. खेळपट्टी तीच, आठवडा तोच, आणि समोर जगातल्या अव्वल क्रिकेटचे प्रतिनिधी. गिलिगन यांनी भारतीयांनी आपलं स्वतंत्र मंडळ काढावं असा आग्रह धरला, डिसेंबर १९२८ मध्ये मंडळ स्थापन झालं आणि १९३२ ला कसोटीचं दार उघडलं. एका खेळीमुळे हे सगळं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण आपले लोकही गोऱ्यांना असं मारू शकतात, हे हजारो डोळ्यांनी एकाच दुपारी पाहिलं, ते या खेळीमुळे. २५ च्या सरासरीत याची नोंद कुठे करणार?

इथे कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सोनं, असंच तुम्हाला म्हणायचं आहे. अजिबात नाही. पैसेवारीची काठी दोन्ही बाजूंनी चालते. जुन्यांचे काही आकडे तिच्यानं वाढतात, तसे काही कमीही होतात.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर घ्या. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२. फक्त नऊ धावा कमी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. खेळ थांबला असताना काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सांगितलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. आणि ते खरोखर घरी गेले. सामना तिथेच संपला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. आणि भाऊसाहेबांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

या गोष्टीनं मन हळहळतं. आमचंही हळहळतं. पण पैसेवारी काढायची तर प्रामाणिकपणे काढू. त्याच हंगामात, त्याच पुण्यात, मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या एका सामन्यातल्या सर्वाधिक धावांचा विक्रम आजही तोच. म्हणजे त्या वर्षी त्या शिवारात पीकच अमाप आलं होतं. समोरची गोलंदाजीही फारशी कसलेली नव्हती. तेव्हा ४४३ हा आकडा बघताना थोडा चाळणीतून काढावा लागतो. तरीही शेजाऱ्यांच्या तुलनेत ते बरंच वर उरतं, कारण ते पीक सगळ्यांनाच मिळत होतं आणि चारशेपर्यंत एकटेच पोचले. संघाच्या ८२६ मध्ये त्यांचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त.

त्याच्याशेजारी एक दुसरी खेळी ठेवू. १९४३-४४, मुंबईची पंचरंगी स्पर्धा, अंतिम सामना. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. 'शेष' संघ पहिल्या डावात १३३ वर गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात शेष संघाच्या ३८७ झाल्या. त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या! सांगलीच्या या माणसानं संघाच्या जवळजवळ ऐंशी टक्के धावा केल्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला नुसता उभा राहिला, ३०० धावांच्या भागीदारीत त्याच्या २१. सामना डावानं गेला तो गेलाच. पण कुणाची खेळी मोठी, ४४३ की ३०९, असं आम्हाला विचारलंत तर आम्ही ३०९ म्हणू. आकडा लहान आहे, पण दुष्काळी वर्षातला आहे.

इथवर पैसेवारी बरी चालली. आता तिची कमजोर बाजू बघू, कारण कुठलंही माप कुठे चुकतं हे सांगितल्याशिवाय ते वापरू नये.

रणजीच्या एका हंगामात सर्वाधिक बळी कुणाचे? बरीच वर्षं उत्तर होतं बिशनसिंग बेदी, १९७४-७५, दिल्लीकडून ६४ बळी. मग २०१८-१९ ला बिहारच्या आशुतोष अमननं ६८ घेतले. आणि २०२४-२५ ला आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेनं ६९ घेतले. तिघांत मोठा कोण? शेजाऱ्यांशी तुलना करून बघायची म्हटलं तर अमनची सरासरी सर्वांत कमी, आठवड्यामागून आठवडे फलंदाज त्याच्यापुढे कोसळत होते. पण तो हंगाम असा होता की स्पर्धेत बरेच नवे संघ आले होते आणि बिहार त्याच गटात खेळत होता. म्हणजे शेजारची शेतंच नुकती नांगराखाली आलेली. अशा शिवारात शंभर पैसे मिळवणं आणि काळ्या कसदार जमिनीच्या शिवारात ऐंशी पैसे मिळवणं, यात दुसरं अवघड. हर्षला ६९ साठी बेदींपेक्षा जास्त सामने मिळाले, पण समोर देशातले पहिल्या फळीचे संघ होते आणि शेवटी हातात करंडक होता. बेदींचे ६४ तर अवघ्या साडेआठच्या सरासरीनं. तेव्हा विक्रमाची यादी अमनला बेदींच्या वर ठेवते, आम्ही ती यादी डोळे झाकून मानणार नाही. आणि अमनला हसणारही नाही, समोर जे उभं केलं त्याला त्यानं बाद केलं.

यातून दुसरा नियम निघतो. शेजाऱ्यांशी तुलना करा, पण शेजारी कोण होते हेही विचारा. ब्रॅडमनचा दाखला आपण नेहमी देतो तो याच कारणासाठी टिकतो. सरासरी ९९.९४. किमान वीस कसोट्या खेळलेल्या बाकी साऱ्यांचा माथा साठीच्या आसपास येऊन थांबतो, मग ते त्याच्या काळातले असोत की नंतरच्या काळातले. शेजारी बदलून बघितले, शिवार बदलून बघितलं, तरी अंतर राहतंच. असे खेळाडू फार कमी. बाकीच्यांच्या बाबतीत पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावणं म्हणजे नजर अंदाजालाच अंतिम पैसेवारी म्हणण्यासारखं आहे.

आणि आता तिसरा मुद्दा, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. पैसेवारी निघते ती पेरलेल्या शेताची. ज्याला पेरूच दिलं नाही त्याचं काय?

पालवणकर बाळू. जन्म १८७६. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल आणि नेटमध्ये गोलंदाजी, महिन्याला मोजके रुपये. बाळूंनी चेंडू टाकायचे, साहेबांनी फटके मारायचे, बाळूंच्या हातात बॅट द्यायची नाही. पुढे हिंदू संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानावर चेंडू हातात घ्यायला कुणाला हरकत नव्हती, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. आणि हिंदू संघाचं कर्णधारपद? ते त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ ला कर्णधार झाला, तोही भांडून. बाळूंची कसोटीतली आकडेवारी शून्य, कारण तेव्हा भारताला कसोटीचा दर्जा नव्हता. सी.के.ची वही उशिरा उघडली. बाळूंची उघडलीच नाही, आणि जी दुसरी वही होती तिच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहायला लोक तयार नव्हते.

तेव्हा मोठेपणाची तुलना करताना विचारायला हवं, की त्या काळात दार किती उघडं होतं, आणि हा माणूस ते ढकलून आत आला की त्याला आतून बोलावणं आलं?

हा प्रश्न आपल्या विदर्भाला चांगला लागू होतो. विदर्भाचा संघ रणजीत उतरला १९५७-५८ ला. पहिला करंडक आला २०१७-१८ च्या हंगामात. साठ वर्षं! त्या साठ वर्षांत आपल्याकडे गुणी पोरं जन्मलीच नाहीत असं कुणी म्हणेल का? पुसदला, वणीला, दिग्रसला, पांढरकवड्याला टेनिस बॉलच्या स्पर्धांत आम्ही असे हात बघितलेत की आजही आठवतात. त्यांच्यापर्यंत लेदरचा चेंडू पोचला नाही, टर्फची खेळपट्टी पोचली नाही, निवडकर्त्याची नजर पोचली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत नागपूरला निवड चाचणीला जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी दोन्हीचा हिशेब घरात व्हायचा.

अशा शिवारातून उमेश यादव आला. वडील कोळसा खाणीत कामगार, घर खापरखेड्याजवळ वलनीला. पोलीस भरतीही करून पाहिली, जमलं नाही. विशीच्या आसपास येईपर्यंत चेंडू म्हणजे टेनिसचाच. २००८ ला विदर्भाकडून रणजीत उतरला आणि नोव्हेंबर २०११ ला दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भ संघातून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू. ५७ कसोट्या, १७० बळी, आणि त्यातल्या बऱ्याचशा अशा खेळपट्ट्यांवर जिथे वेगवान गोलंदाजानं पाच षटकं टाकायची आणि चेंडू फिरकीवाल्यांच्या हाती द्यायचा.

आता टपरीवरचा प्रश्न. विदर्भाच्या मातीतला मोठा कोण, सी.के. की उमेश? आमचं उत्तर सी.के. हेच आहे, आणि कारण सांगतो. सी.के. नव्हते तेव्हाचं भारतीय क्रिकेट आणि सी.के. नंतरचं भारतीय क्रिकेट यात जो फरक आहे, तेवढा फरक उमेशमुळे पडला नाही. इंदूरला होळकर संघ सी.के.नी असा बांधला की त्यांच्या नेतृत्वाखाली त्यानं चारदा रणजी जिंकली. एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशाचं कर्णधारपद करत होते. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना खेळले १९६३-६४ ला, मुख्यमंत्री एकादश विरुद्ध राज्यपाल एकादश, वय अडुसष्ट. त्याच हंगामात राज्याचं मुख्यमंत्रिपद आपल्या पुसदच्या वसंतराव नाईकांकडे आलं, ही आपली एक गंमत. शेजाऱ्यांच्या तुलनेत, कालावधीत आणि परिणामात, तिन्ही मापांत सी.के. वर राहतात.

पण चौथं माप, दाराचं, लावलं तर उत्तर उलटतं. सी.के. शिकलेल्या, सधन घरातले. उमेशचा रस्ता कितीतरी लांब होता. तेव्हा मोठा खेळाडू सी.के., मोठा प्रवास उमेशचा. यातलं एक सांगून दुसरं झाकलं तर तो इतिहास होत नाही, नुसतं कौतुक होतं.

आणि बघा, जानेवारी २०१८ मध्ये विदर्भानं पहिला रणजी करंडक जिंकला तो कुठे? इंदूरला, होळकर स्टेडियमवर. फैज फजलचा संघ, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक. नागपुरात जन्मलेल्या माणसानं ज्या गावात दुसऱ्या संस्थानासाठी करंडक आणले, त्याच गावात त्याच्या मातीच्या संघानं आपला पहिला उचलला. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा. सी.के.ची अंतिम पैसेवारी १९३६ ला लागली असं आपण समजत होतो. कदाचित ती अजून लागतेच आहे.

व्याख्यान इथे संपत होतं. पण प्रश्नोत्तरांत जे झालं ते या लिखित रूपात ठेवणं आम्हाला गरजेचं वाटतं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही दाराची गोष्ट सांगितली. मग दीड तासात एकाही बाईचं नाव कसं आलं नाही?"

सभागृहात थोडं हसू पसरलं. आम्हाला हसू आलं नाही, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. जी चूक आम्ही इतरांच्या वहीत शोधत होतो ती आमच्याच टिपणात होती. तेव्हा जे तिथे जमेल तसं सांगितलं ते इथे नीट सांगतो. भारतीय महिलांची पहिली कसोटी सुरू झाली ३१ ऑक्टोबर १९७६ ला, बंगळूरला, कर्णधार शांता रंगास्वामी. पुन्हा तीच तारीख! मिताली राज १९९९ ते २०२२ अशी तेवीस वर्षं देशासाठी खेळली. त्यात कसोट्या किती? बारा. सचिनला चोवीस वर्षांत दोनशे मिळाल्या. मितालीच्या बारा कसोट्या बघितल्या की सी.के.च्या सात आठवतात. तिची वही १९३६ ला नाही, आपल्या डोळ्यांसमोर कोरी राहिली. आणि हजारेंच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना ज्या संघात आहे, त्यानं २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. पन्नास वर्षांनी कुणी यांची तुलना करायला बसेल तेव्हा त्याच्याकडे आकडे असतील. आज जिल्ह्यातल्या मैदानांवर सकाळी किती मुली सरावाला येतात आणि त्यांना नेट मिळतं का, हे मात्र कुठल्याच आकड्यात नसेल. ते आज आपणच बघायचं आहे.

मुलीनं मान डोलावली आणि विचारलं, "मग मोठं कोण?"

आम्ही म्हणालो, अंतिम पैसेवारी डिसेंबरात लागते, पण त्यासाठी आधी जूनमध्ये पेरू द्यावं लागतं.